वायसर बदलताना

नळाला रोज पाणी येणाऱ्या गावात गळकी तोटी ही नुसती कटकट असते. बीडमध्ये ती घरातली शिल्लक खाते. इथे नळाला पाणी येते ते काही दिवसांआड, तेही बऱ्याचदा रात्री-अपरात्री, आणि पुढची पाळी येईपर्यंत सगळे घर टाकीवर चालते. अशा घरात रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी टपटप मोजावीशी वाटते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तरी चार लिटरांच्या वर गेले, आठवड्यात दोन हंडे. म्हणून पाना घरात असावा आणि तो घरातल्यांना चालवता यावा, हा इथे हौसेचा प्रश्न नाही.

काम तसे लहान. वरचा कॉक बंद करायचा, तोटीतले उरलेले पाणी सोडून द्यायचे, स्पिंडल उलगडायचे आणि झिजलेले वायसर काढून त्याच मापाचे नवे घालायचे. तोटीच उतरवली असेल तर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. (जुनी माणसे सुतळीला सफेदा लावत, आणि ते सांधे वर्षानुवर्षे टिकले.) बिघाड वाढतो तो बहुधा जोरामुळे. तोटी गळू लागली की घरातला प्रत्येक जण ती आणखी आवळतो, रबर पितळी बैठकीवर चिरडते आणि थेंबाची धार होते. बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्या बैठकीवर साचलेला असतो. तो खरवडला नाही तर नवे वायसरही लवकर कापले जाते.

थेंब वाचवून दुष्काळ हटतो का, असे कुणी विचारील. नाही हटत. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण आटले होते; त्यात गळक्या तोट्यांचा दोष नव्हता. उसाला किती पाणी आणि माणसाला किती, हा हिशेब सरकारकडे मागावा. तो वायसरच्या गळ्यात बांधू नये. पण टाकी लवकर रिती झाली तर ती भरते हंडा उचलणारी बाई, नाहीतर विकतचा टँकर. शिवाय पाळी संपून नळ कोरडा पडला की जमिनीतल्या फुटक्या सांध्यातून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते, आणि पुढच्या पाळीला आधी तेच येते. तोट्या घरीच दुरुस्त केल्या तर मग प्लंबरच्या पोटाचे काय? भिंतीतला पाइप, मोटारीची जोडणी, रस्त्यावरच्या नळजोडणीचा सांधा ही त्याची कामे. तिथे आपण हात घालूच नये. चिल्लरीत मिळणाऱ्या वायसरसाठी बोलावले तर तो ‘येतो’ म्हणतो आणि पुढची पाळी होऊन गेल्यावर उगवतो.