कण्हेरीच्या चार काड्या

माझं माहेर पुण्याचं. दारात गुलाब हवेतच, ही तिकडची हौस. ह्यांच्या नोकरीमुळे महाडच्या औद्योगिक वसाहतीत बिऱ्हाड केलं, तेव्हा सामानाबरोबर सहा कलमी गुलाबही आणले. कोकणात पाण्याला काय तोटा, असं वाटत होतं! पण मैत्रिणींनो, इथलं पाणी मोठं लहरी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि दिवाळीनंतर जूनपर्यंत जवळजवळ थेंब नाही. त्यात घराभोवती भरावाचा मुरूम, ओल टिकेल कशी? दोन गुलाब आषाढातच मुळाशी कुजले. उरलेल्यांना एप्रिलमध्ये मी सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतत होते.

एकदा शाळेतून आले ती तशीच बादली घेऊन बाहेर गेले. धुण्याभांड्याच्या मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. सहज म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या पाण्यासाठी आमची सून रात्री दोनला उठून झऱ्यावर बसते."

टोमणा नव्हता हो त्यात. पण मला बादली कुठे ठेवू असं झालं.

पुढच्या पावसाळ्यात मावशींनीच कण्हेरीच्या चार काड्या आणून दिल्या. जुलैचा धुवाधार पाऊस ओसरल्यावर मातीचा उंचवटा करून त्यावर खोचल्या, म्हणजे पाणी तुंबत नाही. चारही लागल्या! कण्हेरीचं पान कातड्यासारखं जाड. त्याची श्वासाची छिद्रं खालच्या बाजूला खळग्यांत, लवेआड दडलेली. म्हणून उन्हात पाणी कमी उडतं. (हे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, माझं बी.ए. मराठीचं.)

एक मात्र बजावून सांगते. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. घरात लहान मूल असेल तर हाताशी लावू नका. छाटल्यावर हात धुवा, काटक्या बंबात घालू नका. माझी धाकटी तेव्हा तीन वर्षांची, सगळं तोंडात घालणारी. म्हणून कण्हेर कुंपणाबाहेर लावली आणि दारात तगर नि बोगनवेल. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसता पाला; ताण दिला की रंग. तो रंगही फुलाचा नव्हे, पानांचाच. खरं फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरी नळी.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र ह्या चिवट झाडांनाही पाणी लागतं. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल मुरेल असं घालावं. मी भाजी-तांदळाचं धुवण घातलं, वर भाताचा पेंढा जाड अंथरला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कण्हेर लालगुलाबी फुलली, सासूबाईंच्या देवपूजेची सोय झाली. गुलाब मी पुन्हा आणले नाहीत.

वाचलेली बादली मावशींच्या वाडीपर्यंत जात नाही, हे मलाही कळतं. यंदा त्या गावी निघाल्या तेव्हा मी हौसेनं तगरीच्या फांद्या बांधून देऊ लागले. मावशी हसल्या. "नको वहिनी. पहिल्या उन्हाळ्याला पाणी कुठनं घालू? आमच्याकडं धायटी हाय की. शिमग्याच्या सुमाराला सगळा डोंगर लाल करते. तिला कोण पाणी घालतंय?"