माळावरची चकती

गेल्या बुधवारी मी नऊ झाडं ४१ फेकींत पुरी केली. आतापर्यंतचा हा माझा सर्वांत चांगला आकडा. या वाक्यातून निम्म्या वाचकांना काहीच कळणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांना (म्हणजे आमच्या नातेवाइकांना) वाटेल की हिला आता वयाचं काहीतरी झालंय. म्हणून पहिल्यापासून सांगते.

दर बुधवारी सकाळी मी भोरहून एसटीने निघते. चेलाडीला उतरते, तिथून वेल्ह्याची गाडी धरते आणि नसरापूर, मार्गासनी मागे टाकून माझ्या माहेरच्या फाट्यावर उतरते. (वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. नाव छानच आहे, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय.) बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. खांद्याच्या कापडी पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी-चटणी आणि प्लॅस्टिकच्या तीन चकत्या असतात. एकदा पिशवीतून त्या डोकावत होत्या, तर शेजारची बाई म्हणाली, "झाकण्या इकता का ओ?"

त्या झाकण्या नव्हेत. त्या डिस्क गोल्फच्या चकत्या.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या जवळ राहते. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर ला कन्याडा नावाच्या गावात एक मोठं रानवजा उद्यान आहे. पूर्वी त्याला ओक ग्रोव्ह पार्क म्हणत. आता नाव बदललंय (नावं बदलायची हौस सगळीकडेच). उद्यानाला लागूनच त्यांची ती प्रसिद्ध अवकाश प्रयोगशाळा आहे, जेपीएल. पलीकडे मंगळावर जाणारी यानं तयार होतात आणि अलीकडे माणसं झाडांमधून चकत्या फेकत हिंडतात! १९७५ साली याच उद्यानात या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं गेलं. ते आखणारे एड हेड्रिक हे फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम करत. त्याआधी लोक झाडं, खांब, कचऱ्याचे डबे अशा कशावरही चकत्या मारून खेळत. ओक ग्रोव्हमध्येही सुरुवातीला खांबच होते. मग हेड्रिकनी साखळ्या लावलेली टोपली काढली. खांबाभोवती वरून साखळ्या लोंबतात, खाली टोपली. चकती साखळ्यांवर आपटते, जोर संपतो आणि टोपलीत पडते. २००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून चकत्या तयार केल्या गेल्या. आपण रक्षा नदीत सोडतो, त्यांनी हवेत सोडली. ऐकून मला आधी कसंसंच झालं, पण नंतर पटलं.

खेळ अगदी सोपा आहे. एका जागेवरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. मी नातवाला म्हटलं, "अरे, हे आमच्या शाळेत असतं तर शेवटच्या बाकावरची सगळी पोरं पहिली आली असती!"

हा नातू २०२४ च्या डिसेंबरात महिनाभर आला होता. वय वर्षे सोळा. भोरमध्ये राजवाडा बघून झाला, भाटघरचं पाणी बघून झालं, मग करायचं काय? म्हणून त्याला माहेरी घेऊन गेले. घराच्या वरच्या अंगाला आमचा माळ आहे. दोन एकर, उतरता, पडीक. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची, आता गवत आणि करवंदाच्या जाळ्या. समोर राजगडाचा बालेकिल्ला, पलीकडे तोरणा. पोरगा तिथे उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "आजी, हा तर कोर्स आहे!"

दोन दिवसांत त्याने तो आखलासुद्धा. शेजारचा गुरं राखणारा मुलगा मदतीला होता. आठ झाडांना चुन्याचे पट्टे मारले. जांभूळ, सावर, पळस, हिरडा, ऐन, ओढ्याजवळचा उंबर, रायवळ आंबा आणि एक वाकडं बोरीचं झाड. नववी मात्र खरी टोपली हवी, असा त्याचा हट्ट. जुन्या गोठ्यात शोधाशोध केली तेव्हा गुरांच्या साखळ्या सापडल्या, गंजलेल्या पण शाबूत. आता घरात गुरं नाहीत. सायकलची एक रिंग, त्या साखळ्या, एक लोखंडी पाइप आणि खाली तारेने बांधलेलं फुटकं घमेलं. वेल्डिंगवाल्याने चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत, इतका तो हसत होता.

इंग्रजीत अशा प्रत्येक ठिकाणाला 'होल' म्हणतात. आता झाडाला होल का म्हणायचं, यावर आमचा बराच वाद झाला. गुराख्याने तो मिटवला. तो रोज विचारायचा, "आज्जी, किती बिळं झाली?" तेव्हापासून आमची नऊ बिळं.

नातू गेला. जाताना तीन चकत्या ठेवून गेला. एक पातळ कडेची लांब जाणारी, एक मधली, आणि एक जाड कडेची, जवळून टाकायची. मला वाटलं, आता हे सगळं संपलं. पण जानेवारीत काही कामाने गावी गेले होते, सहज माळावर चढले आणि एकटीच खेळले. ७३ फेकी लागल्या. हात दुखला, पण रात्री झोप छान लागली.

त्यानंतर जातेच आहे. या मैदानावर माझ्याशिवाय फारसं कुणी खेळत नाही. गुराख्याला कधी लहर आली तर दोन-चार फेकतो. गुरं अंग घासून चुन्याचे पट्टे पुसतात, मी पुन्हा मारते. गेल्या एप्रिलात वणवा फिरला, टोपलीच्या साखळ्या काळ्या पडल्या. जून ते सप्टेंबर तर तिकडे जायची सोयच नाही, वेल्ह्याकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. दिवाळीनंतर गेले तर गवत कमरेएवढं. खेळायची वाट पुन्हा पायांनीच पाडावी लागली.

फेकण्याचं तंत्र मात्र मला फार अवघड गेलं नाही. लहानपणी नदीच्या डोहात चपट्या खापऱ्या फेकून आम्ही पाण्यावर टप्पे मोजायचो, मनगटाचा झटका तोच. चकती फिरत असते म्हणूनच हवेत तरंगते. गिरकी कमी पडली की ती डगमगते. आणि उजव्या हाताने अशी आडवी फेकली की वेग मंदावताना ती हमखास डावीकडे वळते. त्यामुळे जिथे पोचायचंय त्याच्या जरा उजवीकडे नेम धरावा लागतो. चाळीस वर्षं फळ्यावर सरळ रेषा काढणाऱ्या बाईला हे पचायला वेळ लागला. पहिले कित्येक आठवडे प्रत्येक फेक करवंदीत. हातावर ओरखडे बघून भोरच्या शेजारणीने विचारलं, "बाई, मांजर पाळलंत का?"

आता जरा अवघड भागाकडे येते. बंधू हे वाचणार आहे, त्याने वाचावंच.

२०२४ च्या दिवाळीत, म्हणजे नातू यायच्या आधी, बंधूने मला सांगितलं होतं की माळाला गिऱ्हाईक आलंय. पुण्याची माणसं, फार्महाऊससाठी. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव आहे, तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही करावी. तो म्हणाला, "अक्का, तुला काय करायचाय त्यो माळ? कधी बघितलाय तरी का धड?"

खरं होतं. मी तिथे जन्मले, पण माळ मुलग्यांचा आणि गुरांचा. मी फार तर ओढ्यापर्यंत गेलेली. मी लगेच "करते सही" म्हणून टाकलं. गंमत बघा, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देणारा २००५ चा कायदा निवृत्त होण्यापूर्वी मी स्वतः वर्गात सांगितला होता. मुलींना उभं करून म्हणून घेतलं होतं! २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतच्या उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या, ते पेपरात वाचून मी आनंदाने कात्रण काढून ठेवलं होतं. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा कागद न वाचताच हो म्हणाले. भाऊबीज होती ना त्या दिवशी.

बंधूचीही बाजू आहे. खालची भाताची खाचरं त्याने आयुष्यभर कसली, त्यांवर मी कधीच बोट ठेवणार नाही. आता त्याचे गुडघे गेलेत, मुलगा चाकणला नोकरीला. पडीक माळ विकून चार पैसे आले तर त्याला हवेतच.

पण सही राहत गेली. आधी नातू आला, मग पाऊस, मग मीच टाळू लागले. कारण दर बुधवारी मी त्या माळावरून नऊ झाडं चालत होते. चकती शोधताना माणूस किती वाकतो! कुठे दगडाखाली ओल टिकते, सावरीच्या मुळाशी जुन्या बांधाचे दगड कसे आहेत, आंब्याला मोहोर कोणत्या फांदीवर आधी येतो, हे सगळं मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळत होतं. "बघितलाय का कधी?" या प्रश्नाचं उत्तर आता बदललं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी मोजणी झाली. मोजणीवाले झाडांवरचे पट्टे बघून चक्रावले. त्यांना वाटलं, या जुन्या हद्दीच्या खुणा. बंधूचा फोन आला, "अक्का, तुझ्या ख्येळापायी मोजणीवाला येडा झाला." आणि गेल्या बुधवारी काठी टेकत तो स्वतः माळावर चढला.

दगडावर बसून त्याने माझा खेळ पाहिला. पाचव्या झाडाशी मी म्हटलं, "हा ऐन." तो म्हणाला, "ऐन न्हाय, किंजळ हाय ती. ऐनाची साल सुसरीच्या पाठीगत आसती." वर्षभर मी चुकीचं नाव घेत होते! मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "तुझ्या लग्नाला ही तोडणार हुते बाबा. लाकडाचे पैसे आले आसते. पर मन झालं न्हाय त्यांचं. बैल इकला."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी टोपलीकडे बघितलं. त्या साखळ्यांतली एखादी त्याच बैलाची असेल.

"म्हणजी तुझं त्यात गेलंच की, अक्का," तो म्हणाला. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं.

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. बैल गेला हे खरं, आणि पुढची दोन वर्षं उसन्या बैलावर नांगरट झाली असणार, हेही खरं. पण तो व्यवहार बाबांनी केला, मला न विचारता, माझ्या हिश्श्याचा म्हणून नव्हे. मी खेळ पुरा केला. शेवटची चकती साखळ्यांवर वाजून घमेल्यात पडली, ४१. मग त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "हक्कसोडीवर मी सही करणार नाही. तुला विकायचा असेल तर रस्त्याकडचा भाग वीक, विक्रीच्या कागदावर मी तुझ्याबरोबर सही करीन, पैसे सगळे तू घे. किंजळीपासून गोठ्यापर्यंतचा तुकडा माझ्या नावाने राहू दे."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बराच वेळ समोर राजगडाकडे बघत बसला. मग माझ्या पिशवीतली पातळ कडेची चकती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि बसल्या बसल्या, विळा फिरवावा तशी, जोरात फेकली. माझ्या दुप्पट लांब गेली! आणि अर्थातच शेवटी डावीकडे वळून करवंदाच्या जाळीत शिरली.

दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधली. मिळाली नाही. माझी वेल्ह्याहून येणारी गाडी चुकली आणि त्या रात्री मी कित्येक वर्षांनी माहेरी झोपले.

येत्या बुधवारी पुन्हा शोधणार आहोत. बंधू कोयता घेऊन येतो म्हणालाय. तोवर दोन चकत्यांवर खेळ चालू आहे. कुणाला यायचं असेल तर जरूर या, भाकरी बांधून आणा.