पानाचे गुपित

चैत्रमासी देवाला वाहिला जाणारा दवणा महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे पान किंचित चुरगाळले, की सुगंध हाती येतो. परंतु पानांचे सारेच गुण असे सहजासहजी हाती येत नाहीत. दवण्याच्याच वंशातील एका चिनी वनस्पतीने आपला गुण शोधकांपासून पुष्कळ काळ लपवून ठेवला होता.

हिवतापाची जुनी औषधे अनेक ठिकाणी निकामी ठरू लागली होती. अशा वेळी, १९६९ साली, बीजिंगच्या यूयू तू या विदुषीकडे नव्या औषधाच्या शोधाचे काम आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने वैद्यकग्रंथ धुंडाळले. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क काढून ते हिवताप जडलेल्या उंदरांवर पडताळून पाहिले. या वनस्पतीच्या अर्काने प्रारंभी चांगला गुण दाखविला. पुढे मात्र तोच अर्क निष्प्रभ ठरू लागला.

असे का व्हावे? यूयूबाईंनी पुन्हा ग्रंथ उघडले. चौथ्या शतकातील गे हाँग या पंडिताने ही वनस्पती उकळण्यास सांगितलेच नव्हते. ती पाण्यात भिजवावी व पिळून रस प्यावा, एवढेच त्याचे सांगणे होते. उष्णतेनेच तर औषधाचा नाश होत नसेल? या शंकेसरशी त्यांनी पाण्याऐवजी ईथर घेतले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून अर्क मंद उष्णतेवर निघाला. त्यातील अपायकारक आम्लधर्मी भागही त्यांनी वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील हिवतापाचे सारे जंतू नाहीसे केले.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. काही प्राण्यांना या अर्कापासून अपाय झाल्याची शंका होती. रोग्यांच्या जिवाशी खेळ कसा करावा? आणि विलंब तरी कसा करावा? अखेर १९७२ च्या जुलै महिन्यात यूयूबाईंनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रुग्णालयात राहून प्रथम स्वतःच तो अर्क घेतला. त्यांना अपाय झाला नाही. त्यानंतरच हैनान बेटावरील २१ रोग्यांना तो देण्यात आला आणि त्यांचा ताप उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात औषधी द्रव्याचे शुद्ध स्फटिक हाती आले. त्यालाच आज आर्टेमिसिनीन म्हणतात. या शोधाबद्दल यूयूबाईंना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या ग्रंथाने वाट सुचविली, प्रयोगाने ती पारखली. पण त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याची वेळ आली, तेव्हा शोध करणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही.