उपचार आणि प्रयोग

अण्णांच्या हृदयाचे 'पंपिंग' तीस टक्क्यांवर आल्याचे कळले, त्याच आठवड्यात एका परिचितांनी एक माहितीपत्रक आणून दिले. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून हृदयात सोडायच्या. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होतो, असे त्यात म्हटले होते. रक्कम लाखांत होती. 'उपचार' हा शब्द त्यात सात वेळा आला होता. मराठी शिकवणाऱ्याला अशी मोजदाद करण्याची खोड असतेच.

मुदतठेव मोडायची असे मनाशी ठरवूनच मी वाचायला बसलो. अस्थिमज्जेच्या पेशींपासून हृदयाचा स्नायू नव्याने घडतो, हा दावा उंदरांवरील प्रयोगांतून 'नेचर'मध्ये २००१ साली आला. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात इतर संशोधकांनी तो पडताळला. तसे काही आढळले नाही. पुढे २०१८ मध्ये, मूळ निबंधाच्या लेखकांपैकी एक असलेल्या पिएरो आन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस खुद्द हार्वर्डनेच केली.

म्हणजे सारेच मिथ्या, असे नव्हे. हृदयाच्या पेशी नव्याने घडतात. पण पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याने, असे २००९ च्या एका संशोधनात दिसले. पाचशेहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. हृदय निकामी होऊन रुग्णालयात परतण्याचे प्रमाण पेशींमुळे घटले नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात मात्र कमी झालेले दिसले. शोध चालू आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही हृदयासाठी मूलपेशी द्यायच्या, तर त्या केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच.

हे सारे अण्णांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे अजून प्रयोगच आहे. मग पैसे मी का द्यायचे?"

मी निरुत्तर झालो. आपल्या भाषेत 'उपचार' रुग्णावर होतो, तसा देवापुढेही होतो. षोडशोपचारांत देवाला काय हवे, हे कोणी विचारत नाही. मुलाने सर्व काही केले, असे उद्या लोकांनी म्हणावे, यासाठी मला तो उपचार हवा होता. अण्णांसाठी नव्हे.

ठेव तशीच राहिली. अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा आता मी सांभाळतो, आणि संध्याकाळी त्यांच्या चालीने कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत जाऊन येतो.