गाय उतारावरच का कण्हते?

ऐका हो, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! मी पशुवैद्य नाही, शिक्षकही नाही, गोव्यातल्या मयेतला साधा माणूस. पण भाची पशुवैद्यकीला जायचं म्हणतेय, आणि तिच्यासाठी माहिती काढता काढता शिकण्याची अशी एक तऱ्हा हाती लागली की रात्री डोळ्याला डोळा नाही! समस्याधारित शिक्षण म्हणतात तिला. नाव रुक्ष आहे, पण आत काय आहे ते बघा!

इथे आधी धडा नाही. आधी रोगी! सात-आठ मुलांच्या गटापुढे एक गाय येते, कागदावर. दूध एकाएकी आटलंय. चाऱ्याला तोंड लावत नाही. पाठीला बाक, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकलेली, आणि उतारावर चालताना कण्हते! बस्स, एवढंच! शिक्षक शेजारीच असतात, पण उत्तर सांगत नाहीत! मुलांनीच फळ्यावर मांडायचं: काय दिसतंय, काय असू शकेल, आपल्याला काय ठाऊक नाही. मग ते न ठाऊक असलेलं वाटून घ्यायचं, वाचून यायचं आणि एकमेकांना शिकवायचं!

आम्ही पडवीत बसून करून पाहिलं! भाची, मी आणि जन्मभर गुरं राखलेले शेजारचे काका. भाची म्हणाली अपचन, काका म्हणाले आत काहीतरी टोचतंय, आणि मग भाचीने विचारलं, ‘पण काका, उतारावरच का?’ आणि मग पुस्तक उघडलं, आणि मग कळलं की गाय नीट न चावताच गिळते, चाऱ्यातून तार गेली की ती जाळीपोटात पडते, त्या जाळीपोटाचं अस्तर अगदी मधाच्या पोळ्यासारखं, आणि त्याच्या पुढ्यात एक पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय! उतारावर पोटाचा भार पुढे सरकतो, तार टोचते, गाय कण्हते! आणि उपाय काय? लोहचुंबक! गाईला चुंबक गिळायला देतात, तो जाळीपोटात जाऊन बसतो आणि तार धरून ठेवतो! चुंबक हो, चुंबक! काही वेळा मात्र शस्त्रक्रियाच लागते.

दुसरा प्रश्न तर आपल्या शेजारचाच! रानात माकडं मरताहेत, का? सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप आला होता ना! मूळ आजार १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, तो पसरतो गोचिडीतून, आणि गाय स्वतः आजारी न पडता गोचिडी पोसते! म्हणजे माकड, गोचीड, गाय, माणूस, सगळे एकाच फळ्यावर!

ही पद्धत १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात माणसांच्या डॉक्टरांसाठी सुरू झाली, आणि कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथलं पशुवैद्यक महाविद्यालय २००३ पासून तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडे १८८६ सालचं परळचं महाविद्यालय असो की शिरवळचं, अभ्यासक्रम पशुवैद्यक परिषदेचा आणि विषयवार. साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप.

मग ही तऱ्हा आपल्याला मानवेल का? तज्ज्ञ सांगतीलच, मला उमगलं ते असं. ‘ठाऊक नाही’ म्हटल्यावर हात पुस्तकाकडे जातो का? चार जणांत बोलायला आवडतं का? दुसऱ्याने आणलेल्या माहितीवर विसंबता येतं का? मग ही तुमचीच! पण नेमकं किती वाचायचं हे कुणी आखून दिल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नसेल, एकट्याने शांतपणे क्रमवार वाचूनच डोक्यात बसत असेल, तर विषयवार शिकवणंच बरं, आणि त्यात काही उणं नाही! गोठ्यात दोघांनाही तीच गाय भेटणार आहे.

तेव्हा प्रवेशाआधी एक करा. तीन-चार मित्र जमवा, गावातल्या पशुवैद्याकडून एक प्रश्न मागून घ्या, उत्तर मागू नका! आठवडाभर भिडा. आठवडा संपल्यावर दुसरा प्रश्न मागावासा वाटला, तर तुमचा निर्णय झाला!