मारायचं एकाला, धाक दुसऱ्याला

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, कामावरून घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत. १८० हून अधिक माणसं गेली. त्यांतल्या कुणाशीही बॉम्ब ठेवणाऱ्याचं वैर नव्हतं. ती कोण होती हे त्याने पाहिलंही नसेल. मला दहशतवाद ओळखू येतो तो इथे. खुनी ज्याच्यावर रागावतो त्यालाच मारतो, लुटारूला पैसा हवा असतो. इथे मेलेला माणूस नुसतं निमित्त. नेम असतो मागे उरलेल्यांवर, उद्या चर्चगेटला पुन्हा तीच गाडी पकडणाऱ्यावर.

जगाला मात्र दहशतवादाची व्याख्या जमलेली नाही. राष्ट्रसंघाने १९३७ साली केलेला करार कधी अमलातच आला नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला मसुदा अजून रखडलेला आहे. परकी सत्ता उलथवू पाहणाऱ्यांना यातून वगळायचं का, आणि सरकारी फौजांना यात धरायचं का, इथे घोडं अडतं. म्हणजे आधी विचारलं जातं, कुणी केलं आणि कशासाठी. मला वाटतं, आधी विचारावं, कुणावर केलं.

इंग्रज सरकारने भगतसिंगांना दहशतवादीच ठरवलं होतं. लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सला गोळ्या घातल्या ती हत्याच, तिला दुसरं नाव मी देणार नाही. पण ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले ते कुणी मरू नये अशा बेताने, रिकाम्या बाकांकडे. आणि पळून न जाता दोघं तिथेच उभे राहिले. लोकलमध्ये बॉम्ब ठेवून उतरून जाणाऱ्याशी त्यांचं काय नातं?

सरकारांनाही हीच कसोटी लावायला हवी. १७९३-९४ च्या पॅरिसमध्ये गिलोटिन चालवलं ते क्रांतीच्या सरकारनेच, आणि तेही पाहणाऱ्यांना धाक बसावा म्हणून. व्याख्या सैल सोडली तरी बिघडतं: आपल्याकडे १९८५ च्या ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्यातली व्याख्या इतकी ऐसपैस होती की गैरवापराच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९९५ मध्ये तो कायदा संपू दिला गेला.

लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली १२ जण दोषी ठरले, ५ जणांना फाशी सुनावली गेली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. माणूस गमावलेली घरं तेव्हापासून विचारताहेत, मग केलं कुणी?