बारीक माणसाचं पोट

जाड माणसाच्या पोटावर सगळ्या गावाची नजर असते. बारीक माणसाचं पोट मात्र बाहेर सोडलेल्या शर्टाखाली निर्धास्त वाढत राहतं. मनगटं बारीक, गळ्याची हाडं वर आलेली, पोटऱ्या सपाट आणि मधेच एक गोलाई. बँकेच्या काउंटरमागे, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सकाळी बनियनवर गॅलरीत येऊन पेपर उचलणाऱ्यांत अशी माणसं आपल्याकडे जागोजागी दिसतात. मी त्यांतलाच एक. पोट कमी करायचंय असं म्हटलं, की घरचे हसतात. ‘‘तुझ्या अंगावर आहेच काय कमी करायला?’’ वजनकाटाही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. श्वास आत ओढून फोटो निघतो, पण श्वास आत ओढून अख्खं लग्न पार पाडता येत नाही.

या देहयष्टीला वैद्यकाच्या इतिहासात मानाचं पान आहे आणि ते पुण्यात लिहिलं गेलं, हे कळलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही ठणठणीत बसावेत. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन धावणारे गृहस्थ. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम काय, तर सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत पोचणं! ही कबुली त्यांनी त्या गंभीर नियतकालिकात स्वतःच देऊन ठेवली आहे. पोटावर विनोद करायचा तर तो असा, स्वतःचा आकडा छापून करावा.

त्याच टिपणात आपलं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं, असंही याज्ञिक सांगतात, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. शेतात राबायचं, विहिरीवरून पाणी आणायचं, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची निघाली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीनच्या घरातली. बाळ लहान म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लहान असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच शाबूत होती. उपाशी गर्भाने हात-पाय मागे ठेवले आणि चरबी सांभाळली. बारीक पण चरबीदार हा प्रकार बटाटावड्याने सुरू होत नाही. दात यायच्या आधीच त्याची तयारी झालेली असते.

म्हणून पोट सुटलेल्या बारीक माणसाला खादाड म्हणणं मला पटत नाही. त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणणंही तितकंच चूक. ते पोट कित्येकदा आई-आजीच्या अर्धपोटी दिवसांचं असतं. नातवाला नोकरी, स्कूटर आणि पोळी-भात-बटाटा पोटभर मिळाला, एवढंच.

आणि असा नातू एकटा नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहा. वजनाच्या हिशेबाने लठ्ठ भरणारे २८.६ टक्के, पोटाच्या घेराने लठ्ठ भरणारे ३९.५ टक्के. मधले जे उरतात, ते आम्ही. आमच्या पँटची कंबर बत्तीस आणि त्यावर आम्ही खूश. पण पँट पोटाच्या खालून जाते, हे सोयीस्कर विसरायचं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची आणि श्वास सोडून मोजायचं. आशियाई पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, त्यापुढे धोका.

धोका असा, की चिमटीत येते ती चरबी वेगळी आणि आत आतड्यांभोवती बसते ती वेगळी. आतलीचं रक्त थेट यकृताकडे जातं. तिथून साखर, चरबी, रक्तदाब यांची घडी बिघडत जाते. चरबी किती यापेक्षा कुठे, हे मार्सेयच्या झाँ वाग या डॉक्टरांनी १९४७मध्येच सांगितलं होतं. जपानचे सुमो मल्ल पाहा. एवढं अवाढव्य पोट, पण सराव चालू असेपर्यंत त्यांची चरबी बरीचशी कातडीखाली असते, आत त्या मानाने थोडी. उलट, २००४ साली अमेरिकेत काही लठ्ठ बायकांच्या पोटाची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने ओढून काढली. इन्शुलिनचं काम तसूभरही सुधारलं नाही. काढली ती बाहेरची होती.

उपाय सुचवायला मात्र आपल्याकडे माणसांची कमतरता नाही. जिऱ्याचं पाणी, घाम आणणारा पट्टा, कपालभाती, रात्रीचा भात बंद. उपासाच्या दिवशी पोट हलकं राहतं म्हणून साबुदाण्याची खिचडी, म्हणजे तुपात परतलेला निव्वळ स्टार्च. आणि सगळ्यांची लाडकी समजूत ही, की पोटाचे व्यायाम केले की पोट जातं. १९८४मध्ये अमेरिकेत तेरा पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिटअप्स करून घेतल्या. पोट, नितंब आणि पाठ या तिन्ही जागच्या चरबीच्या पेशी तपासल्या, तर पोटावरच्या जास्त बारीक झाल्या होत्या असं काही नाही. टेनिसपटूंचा रॅकेटचा हात दुसऱ्यापेक्षा जाड भरतो, पण त्यावरची चरबी दोन्ही हातांना सारखीच. शरीर चरबी खर्चायला काढतं ते स्वतःच्या हिशेबाने. आपण कुठे वाकतोय हे ते विचारत नाही.

प्रत्येक पोट चरबीचंच असतं असंही नाही. बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू कित्येकदा एकमेकांपासून दूर गेलेले असतात. मालिशवाली बाई सुती साडीने पोट घट्ट बांधते, पण बांधून ते जोडले जातीलच असं नाही. आणि अशा वेळी घाईने सिटअप्स मारल्या तर फुगवटा वाढूही शकतो. तिथे हळूहळू श्वासाचे आणि खोल स्नायूंचे व्यायाम लागतात. तोवर अंगाने बारीक असलेल्या त्या बाईला प्रत्येक हळदीकुंकवात ‘काही गोड बातमी?’ ऐकावं लागतं. पुरुषाच्या पोटाकडे पाहून असं कोणी काही विचारत नाही. आणि वजन उतरत असताना पोटच तेवढं भराभर वाढू लागलं, तर जिरं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? इथेच खरी गंमत आहे. आम्हाला वजन कमी करायचं नसून बहुधा वाढवायचं असतं, फक्त दुसरीकडे. जेवणातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि आमच्याकडे तेच तुटपुंजे. उपाशी राहून बारीक माणूस आणखी बारीक होतो. चरबीबरोबर होते-नव्हते ते स्नायूही जातात. कोल्हापूरच्या तालमीत पोराला पहिल्यांदा बैठका मारायला लावतात त्यात मोठं शहाणपण आहे. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. आतली चरबी तशी भित्री असते. रोज दम लागेपर्यंत चाललं, तर वजनाचा काटा हलला नाही तरी ती हटू लागते. ताटातलं वरण मात्र भात ओला करण्यापुरतं असून चालत नाही. मटकी, पिठलं, अंडी, बोंबील, ज्याला जे चालतं ते, पण भाताइतक्याच मानाने वाढलेलं हवं.

हे सगळं वाचून मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये गेलो. फॉर्मवर दोनच चौकोन होते, ‘वेट लॉस’ आणि ‘वेट गेन’. मी दोन्हींवर खूण केली.

‘‘काका, एकच करा,’’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

मी त्याला याज्ञिक, युडकिन, सहा गावं, सगळं सांगायला लागलो. त्याने शांतपणे ऐकलं, माझ्या पोटऱ्यांकडे एकदा पाहिलं, ‘वेट लॉस’वरची खूण स्वतःच खोडली आणि मला बैठकांना उभं केलं. हल्ली पँट मांड्यांत घट्ट होते. कमरेत फारसा फरक नाही म्हणते बायको; टेप थोडा आहे म्हणते. काटा पुढे गेलाय, त्यामुळे आई खूश आहे.